ज्येष्ठमधाच्या जागी

“आधी हे सांगा, गोळ्या बंद केल्यात की नाही?”

“केल्या हो, केव्हाच केल्या,” प्रमिला तांडेल घाईघाईने म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

मी कोपऱ्यात, मीच आणलेल्या सुंठीच्या पोत्यावर बसलो होतो. माझा धंदा काष्ठौषधींचा. गिऱ्हाईक “घेतो, नक्की घेतो” म्हणत छताकडे बघायला लागलं की ते काही घेत नाही, एवढं मी गादीवर बसून शिकलोय. पण गप्प राहिलो. दुकान माझं नव्हतं.

दुकान लियांगबाबांचं. माझगावच्या गल्लीतलं, चिनी औषधांचं, त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. भिंतभर लाकडी खण आणि खणाखणात मुळ्या, साली, वाळलेली फुलं. बाबा जन्मले इथंच. मराठी तुमच्या-माझ्यासारखं बोलतात. फक्त रागावले की चिनी बोलतात म्हणे. त्यामुळे त्यांचं चिनी मी अजून ऐकलेलं नाही.

विचारणारा होता त्यांचा शिष्य, निरंजन कोरगावकर. आयुर्वेदाची पदवी घेऊन वर बाबांकडे शिकायला राहिलेला. हुशार, कष्टाळू. पण एखाद्याची नाडी धरली की चेहरा असा करायचा, जणू त्या माणसावर मेहेरबानीच चाललीय.

प्रमिला बसवर कंडक्टर. तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा, शौचातून रक्त. कधी उठून पळावं लागेल याचा नेम नाही, आणि भरलेली बस तिच्यासाठी थांबायची नाही. आपल्या मार्गावर कुठल्या थांब्याजवळ संडास आहे आणि कुठल्याची कडी लागत नाही, हे तिला तोंडपाठ. साहेबांनी तंबी दिली होती, पुन्हा मध्येच बस सोडून उतरलात तर बसवरून कायमचं काढू.

“रक्त?” निरंजनने विचारलं.

“पुष्कळ कमी. काल तर पूर्ण फेरी केली. एकदासुद्धा उतरले नाही.” हे सांगताना मात्र ती त्याच्या डोळ्यांत बघत होती.

“बघा!” निरंजन माझ्याकडे वळला. “नुसत्या काढ्यावर. शेटजी, मी यांना पहिल्याच दिवशी बजावलं, इस्पितळाच्या गोळ्या सोडणार असाल तरच काढा देईन. दोन्ही चालू ठेवलं तर गुण कुणाचा, हे कळायचं कसं?”

मला राहवलं नाही.

“निरंजनराव, माझ्याकडे एक लोणचंवाल्या बाई यायच्या. हिंग माझा, मोहरी समोरच्या चुनीलालकडची. लोणचं जमलं की आम्ही दोघंही आपापल्या दुकानात मिशीला पीळ द्यायचो. बिघडलं की दोघंही समोर बोट दाखवायचो.”

“मग?”

“मग काही नाही. बाई लोणचं घालत राहिल्या.”

निरंजनला हसू आलं नाही. बाबांना आलं. हसता हसताच त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

त्यांची नजर प्रमिलाच्या पावलांवर होती.

सँडल तिने दाराबाहेर काढल्या होत्या, पण पट्ट्यांचे वळ पावलांवर तसेच होते. खोल गेलेले.

बाबा उठले, तिच्यापुढे उकिडवे बसले. तिने पाय आखडून घेतले. “अहो बाबा, पायाला काय हात लावता!”

“तू मला वडील मानतेस की नाही?”

“मानते की.”

“मग वडिलांना पाय दाखव.”

त्यांनी तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. उचलला.

खळगा तसाच राहिला…

“सँडल कधीपासून घट्ट होतेय, बेटी?”

“झाला असेल आठवडा. दिवसभर उभं राहून होतंय. दुसरं काय?”

“उभी तर तू लग्नाच्या आधीपासून राहतेस.”

बाबांनी मान न वळवता विचारलं, “निरंजन, हिच्या पुडीत काय काय?”

निरंजनने धडाधड म्हणून दाखवलं. पाठांतर चोख. शेवटी म्हणाला, “आणि ज्येष्ठमध. नेहमीसारखा.”

“तो कशाला?”

“बाबा, हे तुम्हीच शिकवलंत. पुडीतल्या मुळ्या एकमेकींना ओळखत नाहीत. कुणी कडू, कुणी जहाल. ज्येष्ठमध त्यांना एका पंगतीत बसवतो. तुम्ही म्हणता ना, तो म्हणजे लग्नघरातला थोरला मामा.”

“छान.” बाबा अजून खालीच बसले होते. “बेटी, गोळ्या दाखव.”

प्रमिलाने निरंजनकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग खांद्यावरच्या कातडी बॅगेत हात घालून, सुट्या पैशांच्या खालून, गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली.

निरंजनने ती हिसकावलीच म्हणायची. वाचली. कानापर्यंत लाल झाला.

“स्टिरॉइड! तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?”

“मग काय करू?” प्रमिलाचा आवाज एकदम बसमधला झाला. पुढे सरका, पुढे सरका म्हणणारा. “डॉक्टरीणबाई म्हणतात, या गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, त्या सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या. तुम्ही म्हणता, आधी सोडा, मग या. त्यांना काढ्याचं सांगितलं तर त्या ओरडणार. तुम्हाला गोळ्यांचं सांगितलं तर तुम्ही ओरडता. आत्ता ओरडलातच की! मी दोन्हीकडे मान डोलवते, घरी जाऊन दोन्ही घेते.”

“अहो, पण ज्येष्ठमध त्या गोळ्यांचा जोर वाढवू शकतो! अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. मला हे ठाऊक होतं, बाबा. मी वाचलंय. गोळ्या चालू आहेत हे कळलं असतं तर मी कधीच…”

तो थांबला.

“कळलं असतं तर,” बाबा म्हणाले.

“पण ती खोटं बोलली.”

“दार तू लावलंस. ती खिडकीतून आली.”

बाहेर पावभाजीवाला तवा घासत होता.

मग प्रमिलाने जे विचारलं ते अगदी हळू विचारलं. “म्हणजे आता काढा बंद? बाबा, मला बरं वाटतंय हो. काल शेवटच्या थांब्यावर उतरले ना, तर ड्रायव्हर म्हणाला, तांडेलबाई, आज बस पळवली की तुम्ही! मला बस सोडायची नाही.”

निरंजन हट्टाला पेटलेला. “पण बरं कशाने वाटतंय? गोळ्यांनी की काढ्याने?”

“माझ्या आतड्याला विचारा,” ती म्हणाली. “मी तिकिटं फाडते. कोण कुठून चढला ते बघत नाही. बस पोचली की झालं.”

बाबा इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या हसण्यात निरंजनचीही कळी थोडी खुलली. पोरगा मनाने वाईट नाही, हे मी आधीपासून सांगत आलोय.

बाबा उठले. गुडघे कटकन वाजले.

“आज काढा नाही, बेटी. गोळी मात्र चुकवायची नाही. आणि हे पाय आजच्या आज डॉक्टरीणबाईंना दाखवायचे. रक्तदाब बघतील, रक्त तपासतील. काढ्याचं सगळं सांगायचं. पुढे काढा द्यायचा की नाही, ते त्यांना विचारून.”

“त्या ओरडतील.”

“ओरडू देत. ओरडणारा माणूस ऐकत असतो.”

मग त्यांनी तिच्यासाठी बांधून ठेवलेल्या पुड्या निरंजनपुढे सरकवल्या. “ज्येष्ठमध वेगळा काढ.”

निरंजनने वर्तमानपत्र पसरलं. एकेक पुडी सोडून त्यातल्या पिवळ्या चकत्या वेचायला बसला. मान खाली. मी म्हटलं, मी मदत करू का? तर बाबांनी मला डोळ्यांनीच दटावलं. तांदळातले खडे निवडावेत तसा तो निवडत होता आणि प्रमिला त्याच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “ती बघा, त्या सालीखाली एक राहिली.”

“हो… थँक्यू.”

“रागावलात?”

“तुमच्यावर नाही.”

चकत्यांची लहानशी रास झाली. निरंजनने ती बाजूला केली, उरलेल्या मुळ्या-सालींकडे पाहिलं आणि हात झटकले.

“बाबा, डॉक्टरीणबाई उद्या हो म्हणाल्या, तरी ही पुडी आता लंगडी झाली. सगळे आपापल्या तोऱ्यातले. यांना एका पंगतीत बसवणार कोण? ज्येष्ठमधाच्या जागी काय घालू?”

बाबा उत्तर न देता दाराकडे गेले. वाकले. निरंजनच्या चपला उचलल्या, धोतराच्या सोग्याने धूळ पुसावी तशा आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, आणि आणून त्याच्यासमोर ठेवल्या.

निरंजन ताडकन उभा राहिला. “बाबा! हे काय करता! माझ्या चपला… तुम्ही…”

“डॉक्टरीणबाई इस्पितळात दुपारपर्यंतच बसतात. पुड्या बरोबर घे. काय घातलं होतंस ते सगळं नावानिशी सांग.”

“मी? इस्पितळात?” त्याने चपलांकडे पाहिलं, मग प्रमिलाकडे. ती दारात सँडलच्या पट्ट्या सैल करत होती. “मला तिथं कोण उभं करणार, बाबा? त्या बाई विचारतील, तुम्ही पेशंटचे कोण… मी काय सांगू?”

बाबांनी राशीतली एक चकती उचलली. निरंजनच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

“सांग, ज्येष्ठमध आलाय.”