बावीस ‘उत्तम’ आणि एक हौसाबाई

बावीस मास्तर, बावीस फॉर्म, आणि सगळ्यांवर एकच शब्द: उत्तम!

उदाजीरावांनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की कप बशीतल्या बशीत नाचला. राजेरजवाडे गेले असं लोक म्हणतात, पण त्या लोकांनी भोपळवाडी पाहिलेली नसावी. तिथल्या शिक्षणसंस्थेच्या या अध्यक्षांना सगळं गाव ‘सरकार’ म्हणायचं, आणि तेही मिशीला पीळ देत ऐकून घ्यायचे.

“टिकेकर!” ते मुख्याध्यापकांवर गरजले. “मी साधं विचारलं होतं, संगणक किती येतो ते खरं लिहा. डिजिटल फळे किती आणायचे, कुणाला शिकवायचं, ते त्यावरून ठरवणार होतो. आणि यांनी लिहिलंय काय? शिवणाच्या बाई उत्तम! ड्रिलमास्तर उत्तम! अहो, परवा संगणक बंद करायचा म्हणून याच ड्रिलमास्तरांनी सगळ्या शाळेची वीज घालवली!”

“परीक्षा घेऊ या का, सरकार?”

“घ्या की! सगळे एकजात आजारी पडतील!”

चहा घेऊन आलेली हौसाबाई शिपाई खुदकन हसली. अकरा वर्षं हंगामीच होती बिचारी, पण हसण्यात मात्र कायम!

“दात काढायला काय झालं गं?”

“सरकार, भाजी ताजी हाय का, हे माळणीलाच कुणी इचारतं व्हय?”

टिकेकरांनी डोळे मिटून घेतले. सरकारांनी मात्र वटारले.

“फार शहाणी! मग उद्या संध्याकाळपर्यंत तूच खरी यादी आण! कुणाला विचारायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही, चहाडी तर मुळीच ऐकणार नाही. जमलं तर नोकरी कायम. नाही जमलं तर सोमवारपासून तुझ्या टोलांऐवजी विजेची घंटा, आणि तू घरी!”

 हौसाबाई पदर खोचून म्हणाली, “चालंल. फकस्त एका नोटिशीवर तुमची सही द्या.”

शनिवारी सकाळी नोटीसवही वर्गावर्गातून फिरली. ‘सहामाहीच्या गुणांचे तक्ते आजच पूर्ण करावेत. संगणकावर करा अथवा हाताने, चार प्रती द्याव्यात. ज्याचे काम होईल त्याने घरी जावे.’ तक्ते तसेही सोमवारी द्यायचेच होते. मास्तरांनी निमूट सह्या केल्या. हौसाबाईनं जुनी वही घेतली आणि फाटकाशी स्टूल टाकून बसली.

साडेअकराला शाळा सुटली. बाराला बघावं तर शिवणाच्या गोगटे बाई पिशवी झुलवत फाटकात!

“अगं बया! झालंसुदिक?”

“नातवंडं परदेशात, हौसाबाई. त्यांना रोज पत्र टाईप करायची मला सवय. आकडे घातले, बेरजा संगणकानंच केल्या. चलते, आमटी टाकायचीय!”

तिकडे संगणकाचे बोडके सर. हो, संगणक शिकवायला नेमलेले तेच! ऐटीत संगणकापुढं बसले, बोटं मोडली, चष्मा पुसला. दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहिले, तो पडदाही त्यांच्याकडे बघत राहिला. मग इकडंतिकडं पाहून हळूच कागद आणि पट्टी ओढली.

“सर, तुमी आन् कागदावर?” खिडकीतून हौसाबाई.

“अक्षर बिघडू नये माणसाचं!”

ड्रिलमास्तर साडेपाचला बाहेर आले. शाईनं कोपरापर्यंत निळे!

सहाला हौसाबाई वहीतली यादी घेऊन सरकारांच्या खोलीत, टिकेकरांदेखत हजर. “पाच जण दीडच्या आत गेले, संगणकावरनं. त्यांचं उत्तम खरं. सहा जण धडपडत का होईना, त्याच्यावरच तीनला सुटले. अकरा जणांनी हातानं चार-चार तक्ते खरडले. आदी पाचच फळे आणा, सहांना मागनं. अकरांना पयल्यांदा शिकवा.”

“आणि हे खरं कशावरून?”

“सरकार, फॉर्मावर माणूस अब्रू सांभाळून लिवतो. पण शनिवारचं ताट घरी वाडून ठेवलेलं असलं की पोट लबाडी करत न्हाय!”

सरकारांची मिशी थरथरली, पण हट्ट सुटेना. “शिकवणार कोण? पुण्याहून तज्ज्ञ आणू?”

“कशाला? पुढच्या शनवारी एकेका जाणत्याच्या गळ्यात दोन-तीन अडाणी बांदा. सगळ्यांचं संगणकावर झालं की सगळे एकदम घरी! मग बगा कसं शिकवत्यात, आन् कसं शिकत्यात!”

“वा गं वा! तुझा कायमचा आदेश आत्ता, मी स्वतः टाईप करून देतो!”

सरकार संगणकापुढं बसले. एक बोट हवेत घारीसारखं फिरू लागलं. ‘ह’ सापडेना. पाच मिनिटं गेली. टिकेकर छताकडे बघायला लागले.

“सरकार,” हौसाबाई हळूच म्हणाली.

“काय?”

“हातानंच लिवा. मला घरी जायचंय!”

सरकारांनी मिशीला हात घातला, मग पोटाला, आणि असे खदाखदा हसले की टिकेकरांनाही शेवटी हसावं लागलं. डोळे पुसत त्यांनी पेन उपसलं, ‘हौसाबाई कायम’ लिहून झोकात सही ठोकली, आणि त्याच पेनानं यादीच्या तळाला, अकरांच्या खाली, तेविसावं नाव लिहिलं. स्वतःचं!