माळावरचे दोन तुकडे

ज्वारी संशोधन संस्थेत यमुनाबाई ढवळे सहा वर्षं एकाच नव्या वाणामागे राबत होत्या. पेरणीपासून मळणीपर्यंतची नोंद त्यांच्याच हातची. यंदा पाच तुकड्यांत चाचणी झाली. विहिरीजवळचे तीन तुकडे कणसांनी वाकले, माळावरच्या दोन तुकड्यांत मात्र दाणाच भरला नाही.

मंजुरीची समिती यायच्या आदल्या दिवशी संचालक डॉ. प्रभुण्यांनी सगळ्यांदेखत अहवाल यमुनाबाईंपुढे टाकला. "ढवळेबाई, माळावरचे तुकडे गाळा. तीनच दाखवायचे."

अहवाल जवळ ओढून यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "गाळते, साहेब. फक्त बियाण्याच्या पिशवीवर काय छापायचं, तेवढं सांगा. 'माळरानवाल्यांनी पेरू नये' असं छापू, की ते त्यांना सुगीलाच कळू द्यायचं?"

प्रभुण्यांनी अहवाल परत मागून घेतला. मग पाचही तुकडे तसेच ठेवून त्यांनी त्यावर सही केली.

समितीनं वाण नाकारलं. यमुनाबाई शेडमागे जाऊन एकट्याच रडल्या. कष्ट त्यांचेही वाया गेले होते.

पुढच्या हंगामात प्रभुणे स्वतः त्यांच्याकडे आले. म्हणाले, "बाई, यंदा चाचणी माळापासून सुरू करा."