उघड्या तळव्याचा लेप

स्वतःच्याच नखांची धास्ती वाटावी, अशी खाज कुणाला सुटलेली तुम्ही कधी पाहिली आहे का?

एका राज्यात ती प्रत्यक्ष राजाला सुटली होती. राजा अरिंजयाने धूम्राक्ष जादूगाराच्या गुहेतले शापित चिलखत लोभाने अंगात चढवले. चिलखत उतरले, पण त्याचे खवले कातडीवर राहिले. वर्षानुवर्षे खाज, आग आणि भेगा. आता खवले गळ्याशी आले होते. त्या दिवशी सूर्यास्ताला ते एकमेकांना भिडले, की श्वास थांबणार होता.

राणी कुमुदिनी पहाटेच अनवाणी रानात गेली. वडावर एक भारद्वाज बसला होता.

"राणीसाहेब, पालखी वाटेत मोडली का?" पक्ष्याने विचारले.

"थट्टा नंतर करा, पक्षिराज. औषध सांगा."

"कामे तीन. नाग राखतो त्या निंबाचा पाला आणा. कुणालाच धार काढू न देणाऱ्या काळ्या गाईचे दूध आणा."

"आणि तिसरे?"

"ते लेप झाल्यावर."

नागाने फणा उभारला. राणी जागची हलली नाही, तेव्हा तो बाजूला सरला. गाईने लाथ मारली. राणी उठली आणि पुन्हा धारेला बसली. शेवटी गाईने दिलेले दूध चरवीतच विरजले. राणीने लोणी काढून तूप कढवले, निवल्यावर तांब्याच्या परातीत ते पांढरेशुभ्र होईपर्यंत गार पाण्याने धुतले आणि त्यात निंबाचा रस घोटला.

ती महालात पोचली तेव्हा उन्हे कलली होती. राजवैद्याने सोन्याच्या सळईने लेप लावला. लेप खवल्यांवरून ओघळून गेला.

भारद्वाज खिडकीत येऊन बसला. "तिसरे काम हेच. लेप तळव्याने चोळायचा. मध्येच हात उचलला, तर खवले चोळणाऱ्याच्या अंगावर जन्मभर राहतील."

राजवैद्य पुढे झाला. "राणीसाहेब, राजाच्या रोगी अंगाला उघडा हात लावू नये, अशी घराण्याची रीत आहे. म्हणून तर ही सळई."

"रीत पाळून इतकी वर्षे काय साधले, वैद्यराज?"

वैद्याने सळई खाली ठेवली.

राणी चोळू लागली. खवले तिच्या तळव्यात शिरले, बोटे फाटली, मनगटापर्यंत आग चढली.

"कुमुदिनी, हात काढ," राजा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"बोलू नका. गळा हलतो."

सूर्य डोंगराला टेकला. गळ्यावरचे खवले भिडले आणि राजाची छाती हलायची थांबली. राणीच्या कोपरापर्यंत रुपेरी खवले चढले होते. राजा गेलाच असेल, तर हे चोळणे कुणासाठी? तिला कळेना. पण हात उचलला गेला नाही.

फरशीवर खण्ण वाजले. एक खवला गळाला होता. मग दुसरा गळाला, आणि मग सरच लागली. राजाने दीर्घ श्वास ओढला. राणीच्या हातावरचे खवले दवासारखे विरून गेले, आणि दूर धूम्राक्षाची गुहा ढासळल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा अरिंजय दरबारात जाऊन बसला, आणि राणी कुमुदिनी गाढ झोपली होती म्हणून तिला कुणी उठवले नाही.