कुंभारणीची लिली

नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण होती. तिच्या मातीचं गावाला भारी कौतुक होतं. तळ्यातला गाळ आणायचा, चाळायचा, भिजवायचा, पायांनी तुडवायचा, मगच ती माती चाकावर चढायची. तिच्या रांजणातून थेंब गळत नसे.

तिच्या आईच्या अंगणात केशरी लिली होती. तिचं फूल एकच दिवस टिकायचं. सकाळी उमलायचं, संध्याकाळी मिटायचं. एका वर्षी नदीने पात्र बदललं आणि आईचं अंगण वाहून गेलं. आई मुलाकडे राहायला निघाली. वाचलेले गड्डे लेकीच्या ओंजळीत ठेवून ती म्हणाली, "एवढेच उरलेत बघ. जगले तर तुझ्याकडेच जगतील. फुललं की बोलाव मला."

कुंभारणीने दारापुढे खड्डा घेतला आणि तो चाकावरच्या मातीने भरला. गड्डे खोल लावले. वरून ओला हात फिरवून माती गुळगुळीत केली.

नवरा म्हणाला, "ही तर आपल्या माठांची माती."

"मग? आईच्या लिलीला दुसरी कुठली घालू?"

थोड्याच दिवसांत पानांची टोकं पिवळी पडली. मग बाहेरची पानं आख्खी पिवळी होऊन लोळली.

शेजारची काकू म्हणाली, "तहानलीय गं. पाणी घाल." कुंभारणीने पाणी घातलं. पुजारीबुवा म्हणाले, "दृष्ट लागली." तिने लिंबू उतरवून टाकलं. धनगर म्हणाला, "उपाशी आहे, वहिनी." तिने लेंडीखत घातलं. पिवळेपणा आतल्या पानांकडे सरकत राहिला.

"आता उद्या सुधारली तरी कशाने सुधारली ते कळायचं नाही," नवरा म्हणाला.

हे तिला पटलं. तिने सगळे उपाय थांबवले आणि लिलीजवळ पाट टाकून बसली.

"नुसतं बघून पानं हिरवी होतात होय?" काकूने कुंपणावरून विचारलं.

"नाही काकू. पण ती पिवळी का होतात, ते तर कळेल."

तिने पान बोटांत धरलं. ते मऊ होतं, वाळलेलं नव्हतं. मातीला हात लावला. माती अजून ओली, चकचकीत होती. तहान लागली असती तर मातीला भेगा पडल्या असत्या. मग खाली काय चाललंय? वरून बघून ते कळणार नव्हतं.

ती खुरपं घेऊन आली तशी काकू म्हणाली, "नव्या झाडाला हलवू नये गं. मेलं तर आईला काय सांगशील?"

कुंभारणीचा हात थांबला. न उपटता ठेवली तर सगळीच रोपं जातील, की उपटल्यामुळे जातील? मग तिने कडेचं एकच रोप निवडलं आणि अलगद वर काढलं.

मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती. त्यांना आंबूस वास येत होता. आणि रोपाच्या जागी झालेल्या खळग्यात पाणी साचू लागलं. ती दुपारची भांडी उन्हात लावून परत आली, तरी ते पाणी तेवढंच. जरासुद्धा मुरलं नव्हतं.

ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याला हाक मारली.

"अहो, मी लिली लावलीच नाही. मडक्यात बुडवून ठेवलीय."

दोघांनी सगळे गड्डे वर काढले. सडलेली मुळं कापून टाकली. काही गड्डे आतपर्यंत गेले होते, ते फेकावे लागले. उरलेल्यांसाठी तिने परसात उंचवट्यावर जागा केली. साधी माती, नदीची वाळू, फुटक्या खापऱ्यांचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत. रोपाची मान, म्हणजे पानं फुटतात ती जागा, मातीच्या जेमतेम खाली राहील, एवढंच लावलं.

नवरा म्हणाला, "सासूबाई म्हणतील, जावयाने माझी लिली उकिरड्यात घातली."

"जगली तर म्हणतील ना. म्हणू देत."

आता पाणी घालण्याआधी ती बोट मातीत खुपसून बघायची. ओल लागली की तांब्या परत घरात. पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत. ती गळून गेली. पण मधून एक कोवळं पान वर आलं, मग दुसरं. पुढे दांडा आला आणि त्यावर कळ्या धरल्या. कुंभारणीने आईला बोलावणं धाडलं.

आई आली. खापऱ्यांचे तुकडे बघून तिचं तोंड उतरलं.

"तुझ्याकडे एवढी चांगली माती, आणि माझ्या लिलीला ही?"

"ती माती माठांना चांगली, आई. लिलीला मी आधी तीच घातली होती. त्यात तिची मुळं सडली. काही रोपं गेली. ही उरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं फूल उमललं. आई त्याच्याजवळ जाऊन बसली, ती संध्याकाळी ते मिटेपर्यंत उठली नाही.

तात्पर्य एवढंच: आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं दुसऱ्याला देण्याआधी, त्याला काय मानवतं ते बघावं.