जीपला धक्का

पेट्रोलची टंचाई सुरू झाली आणि गावच्या पंपावर फौजदार घोरपड्यांचं राज्य आलं. त्यांनी काठी आपटून हुकूम सोडला, "जो रांग सोडेल, त्याचा नंबर गेला!" पाणी प्यायला बाजूला झालेल्या म्हाताऱ्यालाही त्यांनी पार मागं पिटाळलं. स्वतःची जीप मात्र रोज थेट पुढं जाऊन टाकी भरून यायची.

एके दिवशी तीच जीप रांगेच्या शेपटाशी आचके देत बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. ड्रायव्हरनं एकट्यानं जोर लावला, पण ती हलेना. फौजदार गरजले, "बघत काय बसलात? ढकला पुढं!"

रिक्षावाल्या हौसाबाई पदर खोचून म्हणाल्या, "ढकलू की साहेब. पण रांग सोडली तर आमचा नंबर जातोय. हुकूम तुमचाच. तुम्ही असं करा, जीप माझ्या रिक्षापुढं रांगेत घाला. मग आम्ही मागचे चौघं मिळून ढकलतो, रांग सरकंल तशी."

फौजदारांना दुसरा इलाजच उरला नाही. जीप भर उन्हात मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

तेवढ्यात एका शेठजींची मोटार सरळ पुढं घुसली. फौजदार काठी उगारून धावणार, तोच हौसाबाई ओरडल्या, "साहेब, नंबर जाईल!"

उचललेला पाय फौजदारांनी मुकाट्यानं जागेवर ठेवला आणि तिथूनच बोंब ठोकली, "ओ शेठ, रांग दिसत नाही का? आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत?"

त्या दिवशी पहिल्यांदाच अख्खी रांग पोलिसांच्या बाजूनं ओरडली.