राही आणि डोहातल्या आसरा

झालं काय एकदा, नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात दोन बहिणी राहायच्या. थोरली राही, धाकटी गजरा. त्यांचा बाप गोंधळी होता. त्याला मुलगा नव्हता, म्हणून मरताना त्यानं आपलं तुणतुणं पोरींच्या हाती दिलं. तुणतुणं म्हणजे एका तारेचं वाद्य, बरं का. बोटानं छेडलं की तुण तुण वाजतं. राही ते छेडायची आणि गाण्याची पहिली ओळ म्हणायची. दुसरी ओळ गजराची. कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, लोक म्हणायचे, त्या दोघींना बोलवा. एकीचा आवाज कुठं संपला आणि दुसरीचा कुठं सुरू झाला, कुणाला कळायचंच नाही.

मग एकदा नदीपलीकडच्या गावात लग्न निघालं. दोघी गेल्या, गायल्या, जेवल्या आणि नावेत बसून परत निघाल्या. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, पाणी चढलेलं होतं. मधोमध आल्यावर नाव भोवऱ्यात सापडली. एकदा फिरली, दोनदा फिरली आणि उलटली. राहीनं गजराचा हात धरला. घट्ट धरला हो! पाण्याखाली दोघी गरगर गरगर फिरल्या. आणि वर आली ती एकटी राही. नावाड्यानं तिला केसांना धरून काठाला ओढलं. तुणतुणं तिच्या खांद्याला तसंच अडकलेलं होतं. गजरा काही सापडली नाही. गावानं काठ धुंडाळले, जाळी टाकली. नाही म्हणजे नाही.

रडणं-भेकणं झालं. दिवस गेले. मग राहीची माय म्हणाली, "पोरी, देवीपुढं एक गाणं म्हण. तुझंही मन हलकं होईल, माझंही."

राहीनं तुणतुणं घेतलं. तार छेडली. तोंड उघडलं. आणि तोंडातून काय आलं सांगू? गुळगुळ... गुळगुळ... घागर पाण्यात बुडताना कसा आवाज येतो, तसा! मायच्या हातातलं निरांजन खाली पडलं. राहीनं तोंडावर हात दाबला. बोलायला गेली तर नीट बोलता येई. गायला गेली की पाणी.

नाही रे बाळा, भूत नव्हतं ते. जरा सरक माझ्याकडं.

मग त्या घरात काय काय व्हायला लागलं. राही गायला बसली की कोपऱ्यातला माठ आपोआप हुंकार द्यायचा. हूं... हूं... पुढं दिवेलागणीला उंबऱ्यापर्यंत ओली पावलं उमटायला लागली. आत कधी यायची नाहीत. उंबऱ्याशी येऊन थांबायची. राहीच्या पावलांपेक्षा बारकी होती ती. माय ती पुसून काढायची. आणि तिसरं तर फारच वाईट. राही घंगाळात वाकून तोंड धुवायला लागली की पाण्यात दोन डोकी दिसायची. एक तिचं. दुसरं पाठमोरं.

गावाला आधी तिची दया आली. एका बारशाला तिला मुद्दाम बोलावलं. ती नको नको म्हणत गायला बसली, आणि पाळण्यातलं दुपटं भिजून थबथबलं. बाळ सुखरूप होतं, पण बायका बाळाला उचलून पळाल्या. मग तिला कुणी बोलवेना. राही वाळत चालली. तिचे केस मात्र कधी वाळेनात. उन्हात बसली तरी त्यांतून पाणी टपटपायचं.

त्या गावात चिमाआत्या म्हणून एक म्हातारी गुरवीण होती. नदीच्या डोहावर आसरांचं ठाणं आहे ना, सात शेंदूर लावलेले दगड, त्यांची पूजा ती करायची. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. सातजणी असतात. चिमाआत्या राहीच्या घरी आली, तिचे ओले केस हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "तुला आसरांनी धरलंय, पोरी."

"त्यांना काय हवंय माझ्याकडून?"

"गाणं. त्यांना गाणं फार आवडतं. पण त्यांच्यापुढं खोटं चालत नाही. भर दुपारी डोहावर जा आणि गा. खोटं गायलीस तर पाणी चढेल. तिसऱ्यांदा खोटं गायलीस तर डोक्यावरून जाईल."

मायनं राहीचा पदर धरला. "एक गेली ती पुरे झाली. तू नको जाऊस गं."

राही म्हणाली, "माय, मी इथं बसलेय तरी तिथंच आहे."

आणि ती गेली.

भर दुपार. पाखरू बोलत नव्हतं. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. राही डोहावर पोचली तर दगड नव्हतेच तिथं! दगडांच्या जागी सात बाया बसल्या होत्या. हिरवी लुगडी, मोकळे केस. पदरातून पाणी ठिबकत होतं, पण खालची माती कोरडी. एकीचीही पापणी लवत नव्हती. आणि त्यांच्या मागं, गुडघाभर पाण्यात, आठवी उभी होती. पाठमोरी. तिच्या मानेवर तीळ होता. राहीनं तो तीळ ओळखला.

"गजरे!" तिनं हाक मारली. आठवी हलली नाही.

"गा," सातजणी म्हणाल्या. सगळ्यांचा आवाज एकच.

राहीनं बापानं शिकवलेलं देवीचं गाणं सुरू केलं. तोंडातून गुळगुळच आलं, पण आसरांना त्यातले शब्द कळत होते. त्या हसल्या. "हे गाणं दुसऱ्यांचं. तुझं कुठं आहे?" आणि डोहातलं पाणी वर आलं. राहीच्या घोट्यांना लागलं. बर्फासारखं गार! ती पळत घरी आली.

मग तिनं विचार केला, आपलं गाणं हवं ना, मग आपणच रचू. ती ओळीला ओळ जुळवत बसली. गाणं चांगलं ठसक्यात जमलं, बरं का. नावाड्याला दोष दिला, नदीला दोष दिला, वरून देवीलाही दिला. दुसऱ्या दुपारी ते आसरांपुढं गायली. या खेपेला त्या हसल्या नाहीत. त्यांचे केस वाऱ्यावाचून हलायला लागले. "हे तुझं आहे, पण खरं नाही. खरं याच्याखाली दडलंय." पाणी सर्रकन कमरेपर्यंत आलं आणि तिला आत ओढायला लागलं. राही काठावरच्या करंजाच्या मुळ्या धरून कशीबशी बाहेर आली. तळवे सोलून निघाले.

मायनं हळद लावली. फक्त म्हणाली, "उद्या जाणार?"

"जाणार."

"मग आज पोटभर जेव."

सकाळी राही देवीपुढं बसली. हात जोडले, पण काही मागायला जीभ रेटेना. शेवटी म्हणाली, "आई, आज मला गोड शब्द देऊ नकोस. खरे दे. मग माझं काय व्हायचं ते होवो."

आणि तिसऱ्या दुपारी ती डोहावर गेली. आज आसरा उभ्या होत्या. पाणी आधीच तिच्या छातीपर्यंत चढलं. राहीनं तुणतुणं डोक्यावर धरलं आणि तशीच तार छेडली. गाणं तिनं रचलंच नव्हतं. ती नुसती बोलायला लागली. जे मायला, चिमाआत्याला सांगितलं नव्हतं, देवीलाही सांगितलं नव्हतं, ते बोलायला लागली.

"हात तिचा हाती होता, बाई, हात तिचा हाती होता. छाती माझी फुटू आली, मग मी हात सोडला. सुटला नाही, बाई, मी सोडला. वर आले, तोंड उघडलं, पहिला श्वास घेतला. बहीण माझी खाली होती, आणि श्वास गोड लागला. गोड लागला, बाई, गोड लागला."

बोलता बोलता शब्दांना चाल लागली. तिला कळलंसुद्धा नाही. गुळगुळ कुठल्या कुठं गेलं आणि तिचा आवाज आला. तिचा स्वतःचा! फुटका होता, घोगरा होता, पण माणसाचा होता.

पाणी तिच्या गळ्याशी येऊन थांबलं.

आणि ती आठवी, हळूहळू, हळूहळू वळली.

भिऊ नका. तोंड गजराचंच होतं. जरा फिकट, एवढंच.

गजरा म्हणाली, "आक्का, श्वास गोडच असतो गं. मी वर आले असते तर मलाही गोडच लागला असता."

राही हुंदके देऊन रडायला लागली. गजरा म्हणाली, "रडतेस काय? पहिली ओळ म्हण. किती दिवस झाले मी उंबऱ्याशी येते, तू गातच नाहीस."

मग राहीनं पहिली ओळ म्हटली आणि गजरानं दुसरी. अख्खं गाणं दोघींनी म्हटलं. आसरांनी डोळे मिटून घेतले. गाणं जसं सरत गेलं तसं पाणी उतरत गेलं. गळ्यावरून छातीला, छातीवरून कमरेला, कमरेवरून घोट्याला. शेवटची ओळ गजराची होती. ती अर्ध्यावर बारीक झाली, आणि मग नुसती नदी वाहताना ऐकू यायला लागली. राहीनं डोळे पुसून पाहिलं, तर समोर सात दगड, शेंदूर लावलेले. आठवं कुणी नव्हतं.

राही घरी आली. केस कोरडे. त्या संध्याकाळी उंबऱ्यावर पावलं उमटली नाहीत. मायनं पुसायचं फडकं हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं. तेव्हा माय-लेकी एकमेकींच्या गळ्यात पडून पुन्हा रडल्या. गजरा सुटली याचा आनंद होता, आणि आता ती उंबऱ्याशीसुद्धा येणार नाही याचं दुःखही होतं. दोन्ही होतं, बाळांनो. असतं तसं.

राही पुन्हा गायला लागली. आवाज पूर्वीसारखा गुळगुळीत राहिला नाही, पण ऐकणारा जागचा हलायचा नाही. मग एके दिवशी कुंभाराची सून तिच्या दारात येऊन बसली. तिचं तान्हं बाळ गेलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. राहीनं तिला समजावलं नाही की उपदेश केला नाही. तार छेडत बसली. ऊन कलेपर्यंत छेडत बसली. शेवटी ती सून पुटपुटली, "त्याच्या मुठीत माझा केस होता." राही म्हणाली, "हं. ही झाली पहिली ओळ. पुढं सांग." पुढची ओळ आली, तिच्यापुढची आली. घरी जाताना ती सून सासूला म्हणाली, "आत्याबाई, भूक लागलीय मला."

मग लोक यायला लागले. कुणाचं घर जळालेलं, कुणाचा नवरा लढाईत गेलेला. राही कुणाचं गाणं स्वतः रचून द्यायची नाही. ज्याचं त्यालाच रचायला लावायची, आणि आपण सोबत तार धरायची. नदीकाठच्या गावांत अशी गाणी पुष्कळ झाली. राही म्हातारी झाली, मायही शंभरीला टेकून सुखानं गेली, कुंभाराच्या सुनेला पुढं दोन लेकी झाल्या. सगळे खाऊनपिऊन नांदले.

आता तुम्ही डोळे मिटा. मी बसलेय इथंच, तुम्हाला झोप लागेपर्यंत.