मिलकाबाई आणि शेमा

फार फार मागे, खाडीच्या काठी तेल्यांची एक वाडी होती. ही इस्राएली माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. त्यांचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले होते. पोथ्या बुडाल्या, पुढे भाषाही विसरली, आणि तोंडात उरली ती एक प्रार्थना. शेमा इस्राएल. बाळ जन्मलं की शेमा, माणूस चाललं की शेमा. अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

वाडीची सुईण मिलकाबाई. तिने शेमा म्हटला की बाळंतिणीच्या कळा सोप्या होत, असं म्हणतात.

एकदा रिबका नावाची पहिलटकरीण बाळंतपणानंतर तापाने फणफणली. मिलकाबाई उशाशी बसून शेमा म्हणत राहिली. रिबकाने तिचा हात धरला.

"मावशी, देवाला काय सांगतेस गं माझ्याबद्दल?"

"ते नाही बाई ठाऊक. आईने शिकवलं तसं म्हणते. तू पडून राहा, बोलू नको."

रिबका बोलली नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली. तान्ही लेक मागे राहिली.

त्यानंतर मिलकाबाईला प्रार्थना म्हणवेना. तिने भाकरी बांधून घेतली आणि बंदराची वाट धरली. तिथे कोचीची जहाजं लागत, त्यांत आपल्या धर्माची माणसं असतात, असं तिच्या कानावर होतं. प्रत्येक जहाजासमोर उभी राहून ती हाक मारी, "शेमा! कुणाला ठाऊक आहे का शेमा?" जहाजं आली, गेली. उभी राहून राहून तिची पावलं खडकात उमटली, असं म्हणतात.

शेवटी एका जहाजावरून पांढऱ्या दाढीचा मिरीचा व्यापारी धावत उतरला. परक्या किनाऱ्यावर आपला शब्द ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. मोडक्यातोडक्या मराठीत तो म्हणाला, "शेमा म्हणजे ऐक."

"म्हणजे मी देवाला म्हणत होते, ऐक?"

"देवाला नाही, बाई. 'ऐक, इस्राएला.' हे माणसाने माणसाला सांगायचं. स्वतःलाही."

मिलकाबाईला रिबकाने धरलेला हात आठवला. "आणि मी पोरीला म्हटलं, बोलू नको."

म्हाताऱ्याने तिला रडू दिलं. मग पुढचे शब्दही एकेक करून समजावले.

ती परतली ती थेट रिबकाच्या आईकडे. लेक गेल्यापासून ती माउली एक शब्द बोलली नव्हती. नातीला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसे. मिलकाबाई तिच्यापुढे बसली, "शेमा" म्हणाली आणि गप्प झाली. घाण्याचे बैल थांबले. माडांची सळसळ थांबली. ओहोटीला लागलेलं खाडीचं पाणी जागच्या जागी उभं राहिलं. आणि मग आई बोलू लागली. लेकीचं रांगणं, तिचे हट्ट, तिचं लग्न, सगळं. मिलकाबाईने मध्ये हुंकारही दिला नाही. बोलणं संपलं तेव्हाच पाणी उतरलं, असं म्हणतात.

आजही त्या वाडीत कुणी आजारी पडलं, कुणाचं माणूस गेलं, की शेजारी येतात, कुठल्याही जातीचे असोत. "शेमा" म्हणतात आणि नुसते बसून राहतात. आधी त्या घराने बोलायचं. एखादा परगावचा पाहुणा घाईघाईने धीर द्यायला लागला, तर कुणीतरी म्हातारी हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते.

"थांब रे बाबा. मिलकाबाई बसलीय."